पणजोबांचं वेल्समधलं शेत नेमकं कोणाचं होतं?

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या आणि आता कार्डिफमध्ये संसार असलेल्या एका वाचक ताईंचे यजमान वेल्श आहेत. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. घर आवरताना पत्र्याचा एक डबा सापडला. त्यात 1919 पर्यंतच्या सहामाही पावत्या, 1920 सालची लिलावाची छापील पुस्तिका, त्यातल्या एका लॉटवर पेन्सिलची खूण, लंडनमधल्या एका दूध-डेअरीच्या पत्त्यावरून आलेली वेल्श पत्रं आणि पाठीमागे जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेलं घरचं बायबल असा ऐवज आहे. सासूबाई नेहमी म्हणायच्या, ‘केरेडिगियनमधलं ते शेत माझ्या आईच्या पैशांवर उभं राहिलं, आणि मिळालं मात्र मामाला.’ पणजोबा 1925-26 च्या सुमारास गेले. आज ते शेत सासूबाईंचे ऐंशीच्या घरातले मामेभाऊ आणि त्यांचा मुलगा कसतात. संबंध नाताळच्या कार्डापुरता. यजमान म्हणतात, राहू दे. ताई विचारतात: ‘माझ्या माहेरी माझं नाव सातबाऱ्यावर लागलं. मग माझ्या मुलीचा तिच्या बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत वाटा का नसावा? शोध कुठून सुरू करू? वकिलाकडून नोटीस पाठवू का?’

ताई,

सुरुवात त्या पावत्यांपासून करू. तुम्ही त्या शेतसाऱ्याच्या समजलात. पण तुम्हीच लिहिलंय की पैसे दर वर्षी मार्चच्या आणि सप्टेंबरच्या अखेरीस भरलेले आहेत. 25 मार्चचा लेडी डे आणि 29 सप्टेंबरचा मायकलमस हे तिकडे खंड भरायचे ठरलेले दिवस. पावतीखाली इस्टेटीच्या कारभाऱ्याची सही आहे का, ते बघा. असेल तर ती खंडाची पावती आहे, आणि 1919 पर्यंत तुमच्या यजमानांचे पणजोबा त्या जमिनीचे मालक नव्हते, कूळ होते.

हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, कारण घरात ‘आपलं शेत’ असंच ऐकत आलात. पण एकोणिसाव्या शतकातल्या वेल्समध्ये हीच रीत होती. शतक संपत आलं तेव्हा कसणाऱ्याच्या स्वतःच्या मालकीची जमीन जेमतेम एक दशांश होती. बाकी सगळी मोठ्या इस्टेटींची. केरेडिगियनमध्ये, म्हणजे जुन्या कार्डिगनशायरमध्ये, नांटेओस, गोगर्दन, ट्रॉसगोइड अशी मोजकी घराणी खोरीच्या खोरी बाळगून होती. 1868 च्या निवडणुकीत मालकाच्या मर्जीविरुद्ध लिबरल पक्षाला मत दिलं म्हणून कार्डिगनशायर आणि कार्मार्थनशायरमधल्या कुळांना घराबाहेर काढल्याचा इतिहास आहे, आणि गुप्त मतदानाचा कायदा झाला तो 1872 मध्ये. पिढ्यान्‌पिढ्या एकाच शेतावर जन्मलेली, तिथेच राबून मेलेली माणसं त्या शेताची मालक नसायची. म्हणून बायबलमधल्या नोंदी कितीही मौल्यवान असल्या तरी त्या कुटुंबाचा पत्ता सांगतात, मालकी सांगत नाहीत.

त्यानंतरचा कागद म्हणजे लिलावाची पुस्तिका. पहिल्या महायुद्धाच्या जरा आधीपासून आणि मग 1918 नंतर जोरात या इस्टेटी तुकड्या-तुकड्यांनी विकायला निघाल्या. जमिनीला भाव आला होता, मालकांवर वारसा कराचा बोजा होता, आणि नुसत्या खंडाच्या उत्पन्नात राम उरला नव्हता. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 ला कसणाऱ्या कुळाला कायद्याने मालक केलं, तसं काही तिकडे घडलं नाही. कुळाने बाजारभावाने विकत घ्यायचं किंवा नव्या मालकाची मर्जी सांभाळायची. बहुतेकांनी कर्ज काढून आपलंच शेत विकत घेतलं. 1921 पासून शेतमालाचे भाव कोसळले आणि चढ्या भावात घेतलेल्या कर्जाने अनेक घरं पार वाकली. तुमच्या पुस्तिकेतली पेन्सिलची खूण बहुधा त्या खरेदीचीच.

म्हणजे तुमचा शोध ‘पणजोबांची वडिलोपार्जित जमीन’ इथून सुरू होत नाही. तो 1920 पासून सुरू होतो, आणि पहिला प्रश्न आहे: खरेदीखत कोणाच्या नावाने झालं आणि पैसे कुठून आले?

इथे आजेसासूबाईंच्या, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या आईच्या, डेअरीच्या पत्रांची पाळी येते. लंडनच्या दूधधंद्यात कार्डिगनशायरच्या माणसांचा मोठा वाटा होता. गल्लीच्या कोपऱ्यावरचं छोटं दुकान, मागे किंवा वर राहायची खोली, पहाटेपासून दुधाच्या फेऱ्या, आणि रविवारी वेल्श चॅपल. गावाकडच्या पोरी नात्यातल्या कोणाच्या तरी डेअरीत कामाला जायच्या आणि पैसे घरी धाडायच्या. आपल्या कोकणातल्या घरांना मुंबईच्या चाकरमान्याच्या मनिऑर्डरीने तारलं, तसंच हे. त्यामुळे ‘माझ्या आईच्या पैशांवर शेत उभं राहिलं’ हे सासूबाईंचं म्हणणं मला अगदी संभवनीय वाटतं. ती पत्रं वेल्शमध्ये आहेत म्हणून बाजूला ठेवू नका. यजमानांना वाचता येत असतील तर दोघं मिळून बसा, नाहीतर वेल्श जाणणाऱ्या माणसाकडून त्यांचं नीट भाषांतर करून घ्या. ‘पाठवलेले पैसे मिळाले’, ‘हप्ता भरला’ अशी एखादी ओळ सापडली तर तुमच्या घरातल्या या गोष्टीला पहिला लेखी आधार मिळेल.

पण ताई, पैसे दिले म्हणजे मालकी मिळाली असं नाही, आणि अन्याय झाला म्हणजे आज हक्क आहे असंही नाही. तुमच्या पत्रात हे तिन्ही एकात एक मिसळलेत. महाराष्ट्रात मुलीला 1994 पासून आणि देशभर 2005 पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतःच वाटा मिळाला. तुमचं नाव सातबाऱ्यावर लागलं त्यामागे हा कायदा आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यात जन्माने मिळणारा असा वाटा नाहीच. मालक आपली जमीन मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. सगळी एकाच मुलाला, पुतण्याला, चर्चला, शेजाऱ्यालासुद्धा. म्हणून ‘पणजोबांची होती, म्हणून नातवंडा-पतवंडांचीही थोडी थोडी’ हे गणित तिथे मांडताच येत नाही.

गंमत म्हणजे जुन्या वेल्शांचा कायदा आपल्याला फार ओळखीचा वाटला असता. दहाव्या शतकातल्या हवेल दा राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कायद्यात जमीन सगळ्या मुलग्यांत वाटली जायची. वाटे पाडायचे धाकट्याने आणि पहिला वाटा उचलायचा थोरल्याने, म्हणजे धाकटा वाटे सारखेच पाडणार. मुलींना मात्र तिथेही जमीन नव्हती. 1536 ते 1543 च्या कायद्यांनी वेल्सला इंग्लंडमध्ये सामील केलं तेव्हा ही पद्धत संपली आणि मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाची, हा इंग्रजी नियम लागू झाला.

हा नियम कधीपर्यंत टिकला, हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. 1 जानेवारी 1926 रोजी तो रद्द झाला. तुम्ही लिहिता, पणजोबा ‘1925-26 च्या सुमारास’ गेले. तुमच्या घरापुरतं हे ‘सुमारास’ चालणार नाही. समजा ते डिसेंबर 1925 मध्ये मृत्युपत्र न करता गेले, तर शेत कायद्यानेच थोरल्या मुलाचं झालं. मामाने कोणाचं काही हिरावलं नाही. पणजीला फार तर हयातीपुरता तिचा वाटा असेल. तेच जानेवारी 1926 मध्ये मृत्युपत्राविना गेले असतील, तर पत्नीचा हिस्सा बाजूला काढून उरलेल्यात सगळी मुलं आणि मुली समान वाटेकरी. महिन्याभराच्या फरकाने आजेसासूबाईंचा वाटा शून्यावरून भावाच्या बरोबरीला येतो. आणि मृत्युपत्र असेल, तर दोन्ही तारखा बाजूला पडतात आणि फक्त त्यात काय लिहिलंय ते उरतं.

म्हणून पहिलं काम मृत्यूची तारीख पक्की करणं. तिकडे जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून आहे, दाखला मागवता येतो. त्याआधी एकदा गावच्या चॅपलच्या दफनभूमीत जाऊन या. ग्रामीण वेल्समधल्या थडग्यांवर माणसाच्या नावाखाली बहुधा शेताचं नाव कोरलेलं असतं. त्याचा मोठा उपयोग होतो, कारण एकाच खोऱ्यात डेव्हिड डेव्हिस आणि जॉन जोन्स पैशाला पासरी. तिथे माणसं अजूनही शेताच्या नावाने ओळखली जातात. कागद शोधताना नावाइतकंच शेताचं नाव आणि गावचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीचा विभाग, जुळवून बघा. शेताच्या नावापुढे ‘इखाव’ किंवा ‘इसाव’, म्हणजे वरचं किंवा खालचं, असं काही असेल तर ते सोडू नका. शेजारची दोन निराळी शेतं असतात आणि लोक भलत्याच घराण्याचा इतिहास जुळवत बसतात.

दुसरं काम मृत्युपत्र. 12 जानेवारी 1858 पासूनची इंग्लंड आणि वेल्समधली प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्राला मिळणाऱ्या कोर्टाच्या मंजुरीची, नोंद सरकारी वेबसाइटवर शोधता येते. मृत्यूचं वर्ष आणि आडनाव टाकलं की जुन्या छापील यादीचं पान समोर येतं. त्यात नाव, पत्ता, मृत्यूची तारीख, प्रोबेट कोणाला मिळालं आणि मिळकतीची किंमत एवढं एका परिच्छेदात असतं. मृत्युपत्र नसेल तर तसं कळतं. प्रत फी भरून मिळते. पण मृत्यूच्या वर्षापाशीच थांबू नका. शेतकरी घरांत प्रोबेट पुष्कळदा दोन-चार वर्षांनी, कधी पुढची विक्री किंवा कर्ज निघाल्यावर घेतलं जायचं. पुढची वर्षं चाळत जा.

मृत्युपत्र हाती आलं की एक गोष्ट आवर्जून शोधा. शेत एका मुलाला द्यायचं आणि त्याने बहिणींना ठराविक रक्कम द्यावी अशी अट घालायची, ही शेतकऱ्यांच्या मृत्युपत्रात नेहमी आढळणारी तरतूद. तुकडे पडले तर कोणाचंच पोट भरणार नाही, हा त्यामागचा हिशोब. आजेसासूबाईंच्या नावाने अशी रक्कम लिहिलेली असेल, तर ती दिली गेली का, हा खरा प्रश्न. कदाचित तिच्या लग्नात किंवा लंडनच्या दुकानात ती आधीच पोचलेली असेल. कदाचित 1920-30 च्या मंदीत भाऊ ती देऊच शकला नसेल. सासूबाईंच्या मनातल्या कढाचं कारण याच ओळीत दडलेलं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

तिसरं काम आजची मालकी. तुमची समजूत अशी दिसते की लँड रजिस्ट्रीत, म्हणजे तिकडच्या सरकारी जमीन-नोंदणी कचेरीत, गेलं की सातबाऱ्यासारखी सगळी कुळकथा एका कागदावर मिळेल. तसं होत नाही. मुळात सातबारासुद्धा महसुलाचा कागद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. पण निदान जुने फेरफार तलाठ्याकडे सापडतात. लँड रजिस्ट्री आजचा मालक सांगते. मागची साखळी सांगायला ती बांधील नाही. शिवाय सगळी जमीन तिथे नोंदलेलीच आहे असं नाही. विक्री झाली की नोंदणी सक्तीची, हा नियम संपूर्ण इंग्लंड-वेल्सला 1 डिसेंबर 1990 पासून लागू झाला. वारसाने नावावर होणारी जमीन किंवा नवं पहिलं गहाणखत यांना तो 1 एप्रिल 1998 पासून लागू झाला. जे शेत 1920 नंतर विकलंच गेलं नाही, ते मामाकडून मामेभावाकडे 1998 च्या आधी आलं असेल आणि त्यावर नवं कर्जही काढलेलं नसेल, तर ते आजही बिननोंदणीचं असू शकतं. वेल्सच्या डोंगराळ भागात अशी शेतं आहेत.

नकाशावर शेत दाखवून त्याची नोंदणी आहे की नाही, हे लँड रजिस्ट्रीत विचारता येतं. असेल तर थोड्या फीमध्ये उतारा आणि नकाशा कोणालाही मिळतो, त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. उताऱ्याचे तीन भाग असतात: मिळकतीचं वर्णन, मालकाचं नाव, आणि बोजे. मालकाच्या भागात ‘एकट्या मालकाने विक्री केल्यास ती नोंदवू नये’ अशा अर्थाचं बंधन दिसलं, तर जमीन ट्रस्टमध्ये, म्हणजे आणखी कोणाच्या तरी हिताचीही, असण्याची शक्यता असते. तिथे मात्र सॉलिसिटरला विचारा.

नोंदणी नसेल तर सगळा भरवसा मूळ दस्तऐवजांवर. 1920 चं खरेदीखत, गहाणखत, ते फिटल्याची पावती, आणि पणजोबांच्या मृत्यूनंतर त्यांच्या व्यवस्थापकांनी जमीन वारसाच्या नावे करून दिल्याचा लेख, ज्याला तिकडे असेंट म्हणतात. 1926 पासून हा लेख लेखी असावाच लागतो, आणि घरातल्या घरात कसायला सुरुवात करणाऱ्या कुटुंबांत नेमका हाच कागद राहून गेलेला असतो. तो नसला म्हणजे तुमचा हक्क निर्माण झाला असं समजू नका. त्याने मामेभावांचं विक्रीचं किंवा नोंदणीचं काम अडतं, एवढंच. हे सगळे कागद कुठे असतील? बँकेत, गावच्या सॉलिसिटरच्या तिजोरीत, किंवा मामेभावांच्या घरी. ते खाजगी आहेत. ते दाखवायला कोणी बांधील नाही.

आता तुमच्या नोटिशीकडे वळू. जो माणूस कागद दाखवू शकतो त्यालाच पहिल्या दिवशी नोटीस गेली, की डबा बंद, दार बंद. तो आपल्या सॉलिसिटरकडे जाणार आणि पुढची उत्तरं तुम्हाला पत्रामागे शंभर-दोनशे पौंड मोजून मिळणार. कोणी सुचवेल की बिननोंदणीच्या जमिनीवर आपली हरकत नोंदवून ठेवा. तशी सोय आहे, पण ठोस हितसंबंध नसताना ती वापरली आणि समोरच्याचं नुकसान झालं, तर भरपाई अंगावर येते.

हक्काचं म्हणाल, तर मला खोटी आशा दाखवायची नाही. मृत व्यक्तीवर अवलंबून असलेल्यांना पुरेशी तरतूद मागता येते ती 1975 च्या कायद्याखाली, आणि तिची मुदत प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिने. आजेसासूबाईंच्या पिढीला तो दरवाजा नव्हता आणि तुमच्या पिढीला तो लागू नाही. तोंडी वचनावर विसंबून शेतात राबलेल्यांना न्यायालय काही वेळा हिस्सा देतं. कार्मार्थनशायरमधल्या एका दुग्धशेतीच्या गाजलेल्या खटल्यात आईवडिलांच्या वचनांवर वर्षानुवर्षं राबलेल्या मुलीला आधी 13 लाख पौंड मंजूर झाले, आणि 2016 मध्ये अपील न्यायालयाने ते 5 लाखांवर आणले. पण तिथे दावा करणारी स्वतः उभी होती, साक्षी-पुरावे जिवंत होते. शंभर वर्षांपूर्वी लंडनहून धाडलेल्या पैशांवर आज पणती दावा लावून जिंकेल, असं मला वाटत नाही. मृत्युपत्र आणि तारीख हाती आल्यावर शेती आणि वारसा दोन्हींत काम करणाऱ्या सॉलिसिटरचा एकदा सल्ला जरूर घ्या, म्हणजे मनात किंतू राहणार नाही. पण घर गहाण टाकून लढण्यासारखं प्रकरण हे दिसत नाही.

हा खटला तुमच्यासाठी नसला तरी तिकडे शेतकरी घरात लग्न होऊन गेलेल्या, सासऱ्यांच्या ‘पुढे सगळं तुमचंच’ या शब्दावर राबणाऱ्या आपल्या मुली-मुलांनी तो लक्षात ठेवावा. वचन माणसं जिवंत असतानाच लेखी करून घ्या. आणि घर इस्टेटीचं कूळच राहिलं असेल, तर कराराची तारीख बघा: 12 जुलै 1984 च्या आधीच्या करारांत कुळाच्या जवळच्या वारसाला, अटी पूर्ण होत असतील तर, दोन पिढ्यांपर्यंत कूळहक्क पुढे चालवता येतो. 1 सप्टेंबर 1995 नंतरच्या करारांत तो नाही.

तुमच्यासारखीच पत्रं ज्यांना नुसता इतिहास शोधायचा आहे अशांकडूनही येतात, म्हणून 1920 च्या मागे कसं जायचं तेही सांगते. आबेरिस्टविथला नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्स आहे, 1907 ची सनद असलेली, आणि तुमच्या शेताच्याच परगण्यात. चर्चच्या न्यायालयांत 1858 पूर्वी मंजूर झालेली वेल्समधली मृत्युपत्रं तिथे आहेत. एक लाख नव्वद हजारांहून जास्त, घरबसल्या फुकट बघता येतात. नांटेओस, गोगर्दन आणि ट्रॉसगोइडच्या इस्टेटींचे कागदही तिथेच आहेत, आणि त्यातल्या खंडाच्या वह्यांत वर्षागणिक कुळांची नावं लागतात. त्याआधीचे काही करार ‘तीन आयुष्यांचे’ असत: करारात नाव घातलेल्या तीन माणसांपैकी शेवटचा मरेपर्यंत जमीन कसायची. बहुधा कूळ, त्याची बायको आणि एक मूल. वंशावळ लावणाऱ्याला असा एक कागद म्हणजे घबाड.

सगळ्यात सुंदर कागद म्हणजे टाइदचे नकाशे. चर्चला धान्यात द्यायचा दशमांश 1836 च्या कायद्याने पैशात बदलला, आणि त्यासाठी वेल्समधल्या जवळजवळ प्रत्येक पॅरिशचा वावरनिहाय नकाशा तयार झाला, बहुतेक 1840 च्या दशकात. लायब्ररीने ते प्लेसेस ऑफ वेल्स या संकेतस्थळावर ठेवलेत. नकाशावरचा आकडा धरून सोबतच्या तक्त्यात जायचं. समजा तिथे अशी ओळ आहे: पहिल्या रकान्यात जमीनमालक, दुसऱ्यात कसणारा, मग वावराचा क्रमांक, वावराचं नाव ‘काय स्गिबोर’, म्हणजे कोठाराजवळचं वावर, मग ‘चराई’, आणि शेवटी 3, 2, 16. हे तीन आकडे म्हणजे एकर, रूड आणि पर्च. आपल्या हिशोबात रूड बरोबर दहा गुंठ्यांचा आणि चार पर्चचा एक गुंठा, म्हणजे ते वावर 3 एकर 24 गुंठे भरलं. मालक आणि कसणारा हे दोन रकाने शेजारी-शेजारी असल्यामुळे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर एका नजरेत मिळतं. दोन्हीकडे एकच नाव असेल तर मालक, वेगळी असतील तर कूळ.

मधल्या काळासाठी वेल्शच असलेल्या अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या 1910 च्या जमीन-मूल्यांकनाच्या वह्या आणि दुसऱ्या महायुद्धातली, 1941 ते 1943 ची, शेतांची पाहणी उपयोगी पडते. मूल्यांकनाची क्षेत्रपुस्तकं आणि पाहणीचे कागद लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. युद्धकाळातल्या पाहणीत पाच एकर आणि त्याहून मोठ्या प्रत्येक शेताची नोंद आहे आणि शेतकरी मालक की कूळ हे स्पष्ट विचारलेलं आहे. तुमच्या शेतापुढे तिथे मामाचं नाव ‘मालक’ म्हणून आलं, तर 1920 ची खरेदी टिकली आणि शेत त्याच्याकडे गेलं, हे पक्कं झालं. खरेदीच्या आधीच्या काळासाठी लायब्ररीची 1919 पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रंही फुकट शोधता येतात. इस्टेट विक्रीच्या जाहिराती आणि बातम्या त्यांत हमखास सापडतात. डोंगरावर मेंढ्या चारायचा हक्क शेताला जोडलेला असेल तर त्याची नोंद 1965 च्या कायद्याखालच्या रजिस्टरमध्ये, स्थानिक कौन्सिलकडे मिळेल.

आता यजमानांबद्दल. त्यांचं ‘राहू दे’ तुम्ही बेफिकिरी समजलात. कदाचित आजीचा आणि आईचा कढ ऐकत वाढलेल्या माणसाला तो पुन्हा उकरायचा नसेल. विचारून बघा, आणि मुलीलाही विचारा. तिला जमीन हवी आहे, की आपल्या पणजीची कहाणी हवी आहे? तिची कहाणी मिळवायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि मला विचाराल तर लंडनच्या डेअरीत राबलेल्या त्या पोरीचं नाव या शेताच्या इतिहासात लागायलाच हवं.

पत्र यजमानांनी लिहावं, हाताने. सासूबाई गेल्याचं, डबा सापडल्याचं, पावत्यांच्या नि पुस्तिकेच्या प्रती सोबत जोडल्याचं. आजीची पत्रं वाचतोय, तुमच्याकडे तिच्या काही आठवणी किंवा कागद असले तर बघायला आवडतील, एकदा येऊ का. हक्क, वाटा, वकील यातला एकही शब्द नको. मूळ कागद पाठवू नका आणि भेटीतही हवाली करू नका. आधी सगळ्याचे स्वच्छ स्कॅन करून घ्या. ऐंशीच्या घरातला माणूस आहे, तेव्हा फार लांबवू नका. फक्त मार्च-एप्रिल टाळा. तेव्हा डोंगरावरच्या मेंढ्या वितात, बाप-लेक रात्री-अपरात्री गोठ्यात असतात, आणि आलेलं टपाल तसंच पडून राहतं. त्या दिवसांत पत्र गेलंच असेल तर मे महिन्यात यजमानांनी एक फोन करावा.